एसटीपीच्या गाळातून कॅटलिस्ट बनतो, पण त्यात काम कोण करतंय ते आधी शोधा

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की, एका नगरपालिकेच्या एसटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) गाळ फुकट मिळतोय, एमएस्सी केमिस्ट्री झालंय, घरच्यांची छोटी शेड आहे, आणि कुठेतरी वाचलं की सांडपाण्याच्या गाळापासून केमिकल सिंथेसिससाठी कॅटलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शन वेगाने घडवणारा पदार्थ, बनवता येतो, तर हा धंदा होईल का आणि सुरुवात कुठून करायची.

मी वीसेक वर्षं कॅटलिस्टच्याच कामात आहे, त्यातली सहा-सात वर्षं गाळ, राख, असल्या टाकाऊ मालावर गेली. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी सरळ उत्तर. हो, कॅटलिस्ट बनतो, यात काही थाप नाही. पण कॅटलिस्ट विकणं म्हणजे सारखेपणा विकणं असतं. गिऱ्हाईक जानेवारीत जी पिशवी घेतो तीच त्याला ऑगस्टमध्ये हवी असते, आणि गाळ ही गोष्ट दर महिन्याला वेगळी असते. सगळी अडचण इथे आहे, केमिस्ट्रीत तेवढी नाही.

गाळात असतं काय ते बघा. सेंट्रीफ्यूज किंवा फिल्टर प्रेसमधून जो केक पडतो तो हाताला घट्ट वाटतो, पण त्यात साधारण ८० टक्के पाणीच असतं. उरलेल्या सुक्या भागात अर्धा-पाऊण भाग सेंद्रिय, म्हणजे मेलेले जिवाणू, प्रथिनं, चरबी, कागदाचे तंतू वगैरे. बाकी राख, आणि त्या राखेत सिलिका, ॲल्युमिना, लोह, कॅल्शियम, फॉस्फेट, शिवाय थोडं थोडं तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम. म्हणजे कार्बन, नायट्रोजन, लोह, सिलिका असं कॅटलिस्टवाल्याला लागणारं बरंचसं सामान एकाच ढिगात आयतं पडलेलं. म्हणूनच जगभर लोक याच्या मागे लागलेत. मालाला तर तोटाच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीत देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३५ दशलक्ष लिटरवर. मुंबईत सात नवीन केंद्रांचं काम चालू आहे, त्यांचीच क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर. जितकं पाणी साफ होईल तितका गाळ वाढणार, आणि ॲक्टिव्हेटेड स्लजची, म्हणजे हवा देऊन जिवाणूंकरवी सांडपाणी साफ करायची, पद्धत मँचेस्टरला १९१४ साली निघाली तेव्हापासून गाळाचं करायचं काय हा प्रश्न तसाच उभा आहे.

आता पाण्याचा हिशोब, कारण बहुतेक जण इथेच फसतात. ढोबळमानाने एक दशलक्ष लिटर सांडपाण्यामागे २०० किलो सुका गाळ धरा, म्हणजे साधारण एक टन ओला केक. तो पूर्ण वाळवायला ८०० किलो पाणी उडवावं लागतं. एका किलोला २,२५७ किलोज्यूल, म्हणजे निव्वळ बाष्पीभवनाचे १८ लाख किलोज्यूल झाले, ड्रायरचा तोटा वेगळा. त्या २०० किलो सुक्या गाळात एकूण उष्णता असते पंचवीस-सव्वीस लाख किलोज्यूल, तीही गाळ डायजेस्टरमधून (गाळ कुजवून गॅस काढायच्या टाकीतून) आलेला नसेल तर. म्हणजे गाळाने स्वतःला वाळवलं की हातात फारसं काही उरत नाही. म्हणून आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हे चार महिने सोनं आहेत, ड्राइंग बेडवर पातळ पसरा, रोज उलटा, ऊन फुकट आहे. पावसाळ्यात गॅस जाळून गाळ वाळवायच्या भानगडीत पडू नका, धंदा तिथेच बुडेल.

आणि एक, कच्चा गाळ हाताळताना ग्लोव्ह्ज, मास्क, गमबूट हवेतच, नुसता उन्हात वाळला म्हणजे तो निर्जंतुक झाला असं नसतं, जंतांची अंडी महिनोन्‌महिने टिकतात. अहमदाबादला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देऊन रोज १०० टन सुक्या गाळाचं निर्जंतुकीकरण करायचा प्लांट उभारलाय तो यासाठीच, तो गाळ शेतात जातो. तुम्ही भट्टीत घालणार म्हणजे तुमचा गाळ भट्टीत निर्जंतुक होईलच, पण भट्टीपर्यंत पोचेस्तोवर तो कच्चाच आहे हे शेडमधल्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवा.

आता रस्ते. गाळापासून कॅटलिस्ट म्हणजे एकच गोष्ट नाही, निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात जवळचा रस्ता सॉलिड ॲसिडचा. २००५ साली जपानमध्ये मिचिकाझू हारा यांच्या गटाने साखर अर्धवट कोळसा करून त्यावर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया केली आणि त्यातून घन आम्ल बनवून बायोडिझेलची एस्टरिफिकेशन, म्हणजे तेलातल्या आम्लाचा अल्कोहोलशी (बहुधा मेथनॉलशी) संयोग, करून दाखवली. साखरेऐवजी मग लोकांनी भुसा, पेंड, करवंटी, आणि गाळसुद्धा घातला. कल्पना साधी आहे, कार्बनच्या पाठीवर सल्फोनिक गट (गंधक असलेले आम्लधर्मी गट) चिकटवायचे, ते रिॲक्शनमध्ये सल्फ्युरिक ॲसिडचं काम करतात, पण गाळून परत मिळतात, मग न्यूट्रलायझेशन नाही, त्यातून निघणारा जिप्समचा ढीग नाही, आणि रिॲक्टर खाल्ला जाण्याचा त्रासही बराच कमी.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर इथूनच करा, म्हणून हे जरा जवळून सांगतो.

वाळलेला गाळ १०५ अंशावर रात्रभर ठेवायचा, दगडासारखा होतो, खलबत्त्यात कुटून १०० मेशच्या चाळणीतून काढायचा. मग ट्यूब फर्नेसमध्ये नायट्रोजनखाली मिनिटाला ५ अंश या वेगाने ४०० ते ५०० पर्यंत न्यायचा, दोन तास ठेवायचा. ३०० च्या आसपास नळीच्या दुसऱ्या टोकाला तपकिरी चिकट डांबर जमायला लागतं आणि जळक्या केसांसारखा वास येतो, तो प्रथिनांचा. बबलर (बाहेर पडणारा वायू द्रवातून सोडणारी बाटली) तुंबला तर आत दाब वाढतो, त्यामुळं ते टोक गरम ठेवा आणि पुढे मोठ्या तोंडाची बाटली लावा. जास्त तापवू नका. ७०० ला नेलेला कोळसा दिसायला सुंदर असतो, पण त्याच्या चकत्या घट्ट जुळलेल्या असतात, सल्फोनिक गटांना बसायला जागाच राहत नाही.

मग येतो धुण्याचा टप्पा, आणि इथे जीव जाऊ शकतो म्हणून नीट वाचा. गाळात गंधक असतं, नायट्रोजनखाली तापवलं की त्यातलं बरंचसं सल्फाइड होतं, आणि त्या कोळशावर हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं की फसफसून जो वायू निघतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास येतो आणि थोड्या वेळाने येईनासा होतो, तेव्हा वाटतं की वायू गेला. तो गेलेला नसतो, आपलं नाक बधिर झालेलं असतं. पाच ग्रॅमला फ्यूम हूड (वायू ओढून घेणारं कपाट) पुरतो, पाच किलोला स्क्रबर (वायू धुऊन काढणारी यंत्रणा) पाहिजे. ॲसिड थेंबाथेंबाने, ढवळत, आणि हे काम एकट्याने करू नका.

बरेच जण हा धुण्याचा टप्पा वगळतात आणि सरळ सल्फोनेशनला जातात. आम्हीही आधी तेच केलं होतं. कोळसा एक ग्रॅमला दहा-पंधरा मि.ली. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, १५० अंश, काही तास, मग गरम पाण्याने धुवायचं, गाळलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून पांढरं यायचं बंद होईपर्यंत. आमचं पांढरं येणं बंदच होईना. दोन दिवस धुतोय, तरी थेंब टाकला की दुधाळ. सल्फर ॲनालिसिसला पाठवलं तर गंधक भरपूर आलं, सगळे खूष, एवढे सल्फोनिक गट बसले म्हणून. आणि रिॲक्शन लावली तर ओलिक ॲसिड (चाचणीला घेतलेलं तेलातलं आम्ल) जागचं हलेना. शेवटी पूड मायक्रोस्कोपखाली धरली तर काळ्या कणांच्या मध्ये बारीक पांढऱ्या सुया. जिप्सम! गाळातल्या कॅल्शियमने ॲसिड खाल्लं होतं, आणि आम्ही ज्याला सल्फोनिक गट समजत होतो ते निम्म्याहून जास्त कॅल्शियम सल्फेट होतं, जे पाण्यात थोडं थोडं विरघळत राहतं म्हणून धुणं संपत नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम, नुसत्या गंधकाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. ०.२ ग्रॅम कॅटलिस्ट मिठाच्या संपृक्त पाण्यात २४ तास ढवळायचा, गाळायचा, आणि ते पाणी ०.०१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करायचं, म्हणजे आम्ल संपायला किती कॉस्टिक लागतो ते मोजायचं. जेवढे प्रोटॉन बाहेर आले तेवढंच तुमचं कामाचं आम्ल, जिप्सम तिथे गप्प बसतो. तुलनेसाठी, बाजारात मिळणाऱ्या ॲम्बरलिस्ट-१५ रेझिनचा आकडा ग्रॅमला ४.७ मिलिइक्विव्हॅलंट आहे. गाळाचा कोळसा नीट धुऊन केला तरी त्याच्या पासंगालाही पुरत नाही, एकच्या आसपास आला तर चांगलं झालं समजा. मग गाळाचा का घ्यायचा? कारण रेझिन महाग आहे आणि १२० अंशाच्या वर टिकत नाही, आणि घाणेरड्या तेलात त्याची भोकं बुजतात तेव्हा टाकून देताना जीव तुटतो. गाळाचा कॅटलिस्ट बाद झाला तर जाळता येतो, पण साध्या चुलीत नाही, गंधकाचा धूर पकडायची सोय असलेल्या भट्टीतच.

आणि म्हणून त्याचं खरं काम घाणेरड्या तेलातच आहे. लातूरकडे सोयाबीनच्या रिफायनऱ्या आहेत, तिथे सोपस्टॉक (तेल शुद्ध करताना निघणारा साबणी माल) फोडून ॲसिड ऑइल निघतं, त्यात फ्री फॅटी ॲसिड (तेलातून सुटलेलं मोकळं आम्ल) प्रचंड. तळणाचं वापरलेलं तेलही तसंच. टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने बनणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तळणाचं तेल वापरू नये असा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम जुलै २०१८ पासून आहे, तेव्हा ते तेलही बाजूला निघतं. असल्या तेलात सरळ कॉस्टिक घातला तर साबण होतो, त्यामुळं आधी आम्लाने एस्टरिफिकेशन करावीच लागते. तिथे स्वस्त, दणकट, टाकून देता येईल असा सॉलिड ॲसिड उपयोगी पडतो. फार्माच्या इंटरमीडिएटमध्ये हा कॅटलिस्ट घालायचा विचारसुद्धा नको, तिथे जड धातूंची मर्यादा पीपीएममध्ये मोजतात आणि तुमची पिशवी गेटवरूनच परत येईल.

अजून एक निरीक्षण. पहिल्याच वापरात मेथनॉलला चहासारखा रंग येतो. कोळशाचे छोटे सल्फोनेटेड तुकडे सुटून विरघळतात, त्याचा तो रंग. पहिल्या बॅचला जे झकास कन्व्हर्जन (किती माल बदलला तो आकडा) दिसतं त्यातला बराच वाटा या विरघळलेल्या तुकड्यांचा असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या बॅचला आकडा कोसळतो तेव्हा माणसं तापमान बदलत बसतात. म्हणून मोजायच्या आधीच कॅटलिस्ट गरम मेथनॉलमध्ये दोन-तीनदा धुऊन घ्या आणि ते मेथनॉल बाजूला काढा. मग जो आकडा येईल तो कमी येईल, पण तो खरा असेल.

दुसरा रस्ता लोहाचा. बऱ्याच एसटीपीत फॉस्फेट काढायला किंवा गाळ घट्ट करायला फेरिक क्लोराइड घालतात, तो सगळा गाळात बसतो. असा गाळ नायट्रोजनखाली ७०० ते ८०० ला नेला की कार्बनच त्या लोहाचं क्षपण करतो, आणि नायट्रोजन गाळात आधीच असतो, त्यामुळं लोह-नायट्रोजन-कार्बन असं तिघांचं मिश्रण तयार होतं. बाटलीच्या बाहेरून चुंबक लावला की पूड भिंतीला चिकटून वर चढते. गाळण्याचाही त्रास नाही. हायड्रेझीन हायड्रेटबरोबर हा कॅटलिस्ट नायट्रो संयुगांचं अमाइन करतो, हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर ईटीपीतला (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला) रंग तोडतो. फक्त भट्टीतून काढताना पूर्ण थंड होऊ द्या आणि हवा हळूहळू सोडा, ताजं बारीक लोह हवेत एकदम उघडं केलं तर लालबुंद होऊन पेटतं, मी कागदाचा डबा जळताना पाहिलाय.

या रस्त्यावर आम्हाला जो धडा मिळाला तो सांगण्यासारखा आहे. एकाच एसटीपीचे दोन लॉट, सहा महिन्यांच्या अंतराने आणलेले, एकच रेसिपी, एकच भट्टी. पहिल्या लॉटने नायट्रोबेंझीनचं ॲनिलीन मस्त केलं, दुसऱ्याने जवळपास काहीच नाही. आठवडाभर आम्ही आमच्याच चुका शोधत होतो, नायट्रोजन गळतोय का, थर्मोकपल बिघडलाय का. मग तिथल्या ऑपरेटर काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, फेरिक बंद केलं की आम्ही, आता पॉलिमर घालतो, केक चांगला सुटतो." संपलं. कॅटलिस्टमधलं लोह आम्ही घालतच नव्हतो, ते काका घालत होते. तेव्हापासून गाळ घेताना मी लॅब रिपोर्टच्या आधी ऑपरेटरला भेटतो, काय डोस करताय, कधीपासून, डायजेस्टर चालू आहे का, पाऊस झाल्यावर किती रेती येते. पावसात गटारातून माती-वाळू आली की राखेचा आकडा असा चढतो की कार्बनचा कॅटलिस्ट करायला गेलात तर हातात विटेची पूड येते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. गाळात सगळंच थोडं थोडं आहे. मग रिॲक्शन झाली तर ती केली कोणी?

२००३ साली निकोलस लेडबीटर यांच्या गटाने जाहीर केलं की सुझुकी कपलिंग (दोन कार्बनी रेणू जोडणारी रिॲक्शन) पॅलेडियम या मौल्यवान धातूशिवाय, कुठलाच धातू न घालता होतंय. मोठी खळबळ झाली, कारण पॅलेडियम महाग आणि ते काढून टाकणं अवघड. पुढे २००५ मध्ये त्यांनीच खोलात जाऊन तपासलं तेव्हा निघालं की रिॲक्शनमध्ये वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच अब्जात सुमारे ५० भाग इतकं पॅलेडियम होतं, आणि तेवढ्यानेही काम होत होतं. स्वतःचा निकाल स्वतः तपासून जगासमोर दुरुस्त केला, याबद्दल मला त्या माणसांचा फार आदर वाटतो. २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म यांनी लोहाच्या नावावर खपणाऱ्या काही कपलिंगमध्ये फेरिक क्लोराइडमधलं किंचित तांबं काम करत असल्याचं दाखवलं. आता विचार करा, बाटलीतल्या शुद्ध म्हणवणाऱ्या सोड्याची ही गत, तर गटारातून आलेल्या गाळाचं काय? त्यात घरोघरच्या नळांचं तांबं आहे, प्लेटिंगवाल्यांचं निकेल आहे, दागिने घडवणाऱ्यांच्या गल्लीतलं सोनं-चांदीसुद्धा आहे. जपानमध्ये नागानो प्रांतात सुवा इथल्या सांडपाण्याच्या गाळाच्या राखेत टनाला १,८९० ग्रॅम सोनं निघालं होतं, आजूबाजूला बारीक यंत्रसामग्रीचे कारखाने होते म्हणून. अमेरिकेत ॲरिझोनाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हिशोब मांडला होता की दहा लाख वस्तीच्या गाळात वर्षाला १.३ कोटी डॉलरपर्यंतचे धातू असू शकतात.

म्हणून "आमच्या गाळाच्या कोळशाने धातूशिवाय अमुक रिॲक्शन केली" असा पेपर दिसला की मी आधी मागचं पान उघडतो, आयसीपीचं (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या तपासणीचं) कोष्टक आहे का बघायला. तुम्ही काय करायचं? कोळसा हवेत जाळून नुसती राख घ्या आणि तीच रिॲक्शन लावा, राखच काम करत असेल तर कार्बनचं कौतुक थांबवा. रिॲक्शन निम्मी झाली की गरम असतानाच गाळा आणि गाळलेलं द्रव पुढे चालू ठेवा, ते पुढे सरकत राहिलं तर खरा कॅटलिस्ट द्रवात विरघळलाय, घन पूड फक्त त्याचं कोठार आहे. मग आयसीपीत जे धातू सापडले त्यांचे क्षार तेवढ्याच मात्रेत वेगवेगळे घालून बघा. हे तीन प्रयोग आठवडाभराचे आहेत आणि पुढची दोन वर्षं वाचवतात. आणि कृपा करून फक्त ४-नायट्रोफिनॉल आणि सोडियम बोरोहायड्राइडवर थांबू नका. पिवळा रंग जातो, दिसायला छान, यूव्हीवर दहा मिनिटांत आलेख येतो म्हणून सगळे तीच करतात, पण ती इतकी सोपी रिॲक्शन आहे की त्यावरून कारखान्यातल्या रिॲक्टरबद्दल काहीच कळत नाही.

तिसरा रस्ता झिओलाइटचा (सिलिका-ॲल्युमिनाच्या बारीक छिद्रांच्या स्फटिकाचा), त्यावर फार वेळ घालवणार नाही. राखेत सिलिका-ॲल्युमिना आहे, कॉस्टिकबरोबर ५५० ला वितळवून मग ९०-१०० अंशावर शिजवलं तर झिओलाइट येतं, एक्सआरडीवर (क्ष-किरणांच्या तपासणीत) दिसतं. पण आपल्याकडे कोराडी, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची फ्लाय ॲश ढिगाने पडलीय, ती आधीच कोरडी, तिच्यात फॉस्फेटची आणि गाळाच्या जड धातूंची कटकट कमी, आणि महिन्यागणिक एवढी बदलत नाही. झिओलाइटच करायचं असेल तर ती घ्या.

चौथा रस्ता मला स्वतःला सगळ्यात आवडतो, गाळ न जाळता जिवंत वापरायचा. काही जिवाणू हायड्रोजन किंवा फॉर्मेट दिलं की पाण्यातल्या विरघळलेल्या पॅलेडियमचं क्षपण करून त्याचे नॅनोकण आपल्या अंगावर बसवून घेतात. बर्मिंगहॅमला लिन मॅकास्की यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंवर बसलेलं हे पॅलेडियम हायड्रोजनेशनला आणि हेक, सुझुकीसारख्या कपलिंगला चालतं. शुद्ध जिवाणू वाढवण्याऐवजी एसटीपीच्या दाणेदार गाळाचे गोळे वापरले तरी हे जमतं, तमिळनाडूत कल्पक्कमला आपल्याच लोकांनी तसं करून दाखवलंय. इथे गाळाचं काम दुहेरी, कारखान्याच्या टाकाऊ पाण्यातलं पॅलेडियम गोळाही करतो आणि त्याचा आधारही बनतो. किंमत गाळाची नाही, पॅलेडियमची आहे, म्हणून गणित जमू शकतं. गंधक मात्र सांभाळा, सल्फाइड असलेला गाळ पॅलेडियमला विष घालतो. हे तुमच्या शेडमध्ये लगेच होण्यासारखं नाही, पण फार्मावाला भागीदार मिळाला तर लक्षात ठेवा.

जाता जाता एक जुनं उदाहरण, कारण लोकांना वाटतं गाळातून माल काढणं ही कालपरवाची कल्पना आहे. नायट्रोबेंझीनचं लोखंडाच्या चुऱ्याने ॲनिलीन करायची बेशाँ पद्धत १८५४ ची, त्यातून काळा लोहगाळ ढिगाने निघायचा. १९२० च्या दशकात जर्मनीत लाउक्स पद्धत आली, त्यात रिॲक्शनच अशी चालवायची की तो गाळ म्हणजे उत्तम आयर्न ऑक्साइड पिगमेंट व्हावा. मग ॲनिलीन आणि रंग दोन्ही विकले. ते का चाललं? कारण गाळ त्यांच्याच रिॲक्टरमधून, त्यांच्याच ठरवलेल्या कृतीने निघत होता. तुमचा गाळ लाखभर लोकांच्या स्वयंपाकघरांतून येतोय, त्यावर तुमचा ताबा नाही. त्यामुळं माझ्या मते पिशवीत भरून विकायचा कॅटलिस्ट करू नका. एका ॲसिड ऑइलवाल्याला गाठा, त्याच्या शेजारी बसून त्याच्याच तेलासाठी करा, दर लॉटला टायट्रेशन करून डोस कमी-जास्त करा. गाळ बदलला तर डोस बदलेल, त्याचं बायोडिझेल बदलणार नाही.

कागदपत्रांचंही बघून घ्या. घरगुती सांडपाण्याचा एसटीपी आणि एमआयडीसीचा सीईटीपी (अनेक कारखान्यांचं सामाईक सांडपाणी केंद्र) यांचे गाळ कायद्याने वेगळे. केमिकल कारखान्याच्या ईटीपीचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत अनुसूची एकमध्ये ३५.३ या नोंदीखाली येतो, तो असाच उचलून शेडमध्ये आणणं गुन्हा आहे. तो वापरायचा असेल तर नियम ९ खाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. नगरपालिकेच्या गाळातसुद्धा गावातल्या प्लेटिंगवाल्यांचं पाणी चोरून मिसळत असेल तर क्रोमियम येतो, म्हणून पहिल्याच दिवशी जड धातूंची तपासणी करून घ्या. आणि कोळसा धुतलेलं ॲसिड गटारात सोडू नका, कॅल्शियम, लोह, फॉस्फेट आणि जे काही जड धातू आहेत ते सगळे त्यातच उतरलेत. जर्मनीत २०१७ च्या कायद्याने मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातला फॉस्फरस परत काढणं सक्तीचं होतंय, आपल्याकडे तशी सक्ती नसली तरी ते धुण्याचं पाणी चुन्याने बसवून, त्यात धातू किती आहेत ते तपासून मगच पुढचं ठरवा. त्या साक्याला खत म्हणून हात लावायच्या आधी तर नक्कीच.

आता लगेच काय करायचं ते सांगतो. भट्टी विकत घेऊ नका. आधी दहा नमुने गोळा करा, दर पंधरा दिवसांनी एक, प्रत्येकी किलोभर केक, डब्यावर तारीख, ऑपरेटरने काय डोस केलं आणि आधीच्या आठवड्यात पाऊस होता का ते लिहून. १०५ ला वाळवून ओलावा काढा, ५५० ला मफल भट्टीत जाळून राख काढा, एवढं कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. राखेचे दहा आकडे एका ओळीत मांडा. ३० ते ४० टक्क्यांच्या मध्ये राहिले तर सॉलिड ॲसिडचा विचार करा. पन्नाशीच्या वर उड्या मारत असतील तर तो गाळ कार्बनसाठी सोडून द्या आणि राखेत लोह किती आहे ते बघा. आकडे हातात आले की मला पाठवा, कुठल्या तापमानाला पहिला कोळसा करायचा ते त्यावरून सांगतो.